पडद्याचा उभा छेद

ओसीटी हा डोळ्याच्या पडद्याला हात न लावता, केवळ प्रकाशाने घेतलेला उभा छेद असतो. सोनोग्राफीत प्रतिध्वनी परतायला लागलेला वेळ मोजता येतो. प्रकाशाचा वेग इतका प्रचंड की तसे मोजणे शक्य नसते. म्हणून पडद्याच्या थरांवरून परतलेला अवरक्त किरण यंत्रातल्याच दुसऱ्या किरणाशी जुळवतात आणि त्यांच्या व्यतिकरणातून खोली काढतात. एमआयटीतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह ही पद्धत १९९१ मध्ये मांडली. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या पडद्यातले पाच मायक्रॉनच्या आसपासचे फरक आता दिसतात.

चांगला स्कॅन मिळवणे हेही कसबच. बुबुळ कोरडे पडले की चित्र धुरकटते. एकदोनदा पापण्या मिटायला सांगितले तरी ते उजळते. पिकलेला मोतीबिंदू असेल तर मात्र इलाज नसतो.

खरी परीक्षा वाचनात आहे. काचबिंदूच्या अहवालात मज्जातंतूंच्या थराची जाडी निरोगी माणसांच्या नोंदींशी ताडून हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात येते, आणि घाईतली नजर रंगावरच थांबते. मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यात तंतूंचे जुडगे मूळ जागेपासून सरकलेले असतात. आजार नसताना तिथे लाल उमटते आणि आयुष्यभराचे थेंब विनाकारण सुरू होऊ शकतात. ज्याचा थर मुळातच जाड, त्याचे बरेच तंतू गेले तरी अहवाल हिरवाच राहतो. हे दुसरे अधिक घातक, कारण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. म्हणून त्याच डोळ्याचा जुना स्कॅन शेजारी ठेवूनच नवा वाचावा.

मधुमेहाने पडद्याला आलेली सूज काळ्या पोकळ्यांसारखी दिसते. इंजेक्शनांनंतर त्या आटल्या का, हे पुढच्या स्कॅनवर कळते. पण सुजलेल्या पडद्यावर यंत्र थरांच्या सीमारेषा कधी चुकीच्या जागी आखते, तेव्हा छापलेला आकडाही चुकतो. मूळ छेद डोळ्यांनी पाहावाच लागतो. सूज उतरूनही प्रकाशपेशींची रेघ तुटलेली दिसली, तर नजर फारशी सुधारण्याची आशा कमी.

काचबिंदू फार पुढे गेला की तंतूंचा थर साधारण ५० मायक्रॉनवर येऊन अडतो. उरते ती बहुतांशी रक्तवाहिन्यांची आणि आधारपेशींची जाडी. आजार वाढला तरी आकडा हलत नाही, आणि त्यापुढची घसरण फील्ड टेस्टवर, रुग्णाला दिसलेल्या व न दिसलेल्या ठिपक्यांतूनच मोजावी लागते.