किंचित ढिलाई

सांगलीच्या हळदीच्या पेठेत आमच्या घराण्याचे अडत दुकान आहे. थोरल्या बंधूंनी १९९३ साली घेतलेला छोटा ट्रक अद्याप दुकानाच्या सेवेत आहे. बंधू आता हयात नाहीत. व्यवहार पुतण्या पाहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी रोज सकाळी दुकानात जाऊन बसू लागलो. वह्या तपासणे, उधारीची विचारणा करणे, बारीकसारीक खर्चाचीही पावती मागणे हे मला कर्तव्यच वाटे. पुतण्या ‘हो काका’ एवढेच म्हणे. पुढे तेवढेही म्हणेनासा झाला.

गेल्या चैत्रात ट्रकच्या पुढच्या उजव्या चाकातून घरघर ऐकू येऊ लागली. आमचे जुने चालक, ज्यांना घरातील सारेच मामा म्हणतात, मला म्हणाले, “अण्णा, बेअरिंग उघडून बघू या. घरीच होईल.” नोकरीत मी ट्रककर्जाची कित्येक प्रकरणे मंजूर केली होती, चाकाच्या आत काय असते, हे मात्र कधी पाहिले नव्हते. मीही बाह्या सरसावल्या.

मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. चाकाचे नट जमिनीवरच सैल करून मग जॅक चढवला आणि एक्सलखाली भक्कम स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नये, हा मामांचा पहिला नियम. चाक उतरले, हबची टोपी निघाली, स्प्लिट पिन काढून खाचांचा नट सोडवला. वॉशर आणि बाहेरचे बेअरिंग हाती आले. हब ओढून घेतल्यावर मागे ऑइल सील व आतले बेअरिंग दिसले.

सारे डिझेलने धुऊन कोरडे केले. आतले बेअरिंग स्वच्छ निघाले. बाहेरच्याच्या रोलरवर बारीक खड्डे पडले होते. घरघर तिथलीच. अशा वेळी बेअरिंग आणि त्याचा कप जोडीनेच बदलावा लागतो. सीलही नवे घातले. मामांनी तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत नेली; दुसऱ्या कडेने ग्रीस बाहेर येईपर्यंत ते थांबले नाहीत. ब्रेकच्या लायनरला ग्रीसचा थेंबही लागू दिला नाही.

एवढ्यात त्यांना दुकानातून बोलावणे आले. शेवटचा नट मी आवळला. नीट, घट्ट, पुन्हा एक खाच पुढे. पिन घालून टोपी बसवली आणि समाधानाने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी हळद भरून मामा पुण्याला निघाले. आष्ट्याला चहासाठी थांबले असता त्यांनी सवयीने हबला हात लावला. चटका बसला. तिथेच चाक उचलून त्यांनी टोपी काढली, रोलर निळसर पडले नाहीत याची खात्री केली, नट नव्याने बसवला आणि सावकाश पुढे गेले. खंबाटकी घाटात भरल्या गाडीचे ते चाक जाम झाले असते तर, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

परतल्यावर मामा रागावले नाहीत. हब पुन्हा उघडून तपासले आणि म्हणाले, “अण्णा, चाक फिरवत नट आवळायचा, म्हणजे सगळं जागेवर बसतं. मग थोडा मागं घ्यायचा. जास्त ढिला ठेवला तर चाक डुगडुगतं. पण फिरायला जागाच ठेवली नाही, तर बेअरिंग जळतं.”

गाडी चालली की धातू तापतो, तापला की फुगतो. त्या फुगण्यासाठी तेवढी मोकळीक लागते. कर्ज देताना मार्जिन राखावे, हे मी नव्या अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे शिकवले. घरातल्या माणसासाठी मात्र मी ते राखले नव्हते. पुतण्याचे गप्प होणे मी शिस्त समजत होतो. ते तापणे होते.

आता मी आठवड्यातून दोनदाच दुकानात जातो. हिशेब विचारत नाही असे नाही, पण महिन्याचा एकदम विचारतो. परवा सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाआधी तो स्वतःच वही घेऊन घरी आला. “काका, एवढं एक खातं बघता का?”

मी पाहिले, दोन आकडे दाखवले आणि वही त्याच्या हाती परत दिली.