भोजपुरी सिनेमाचे पैसे

2019च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामक ट्रायचे टीव्ही चॅनेलसाठीचे नवे दर लागू झाले आणि साताऱ्याला आमच्या घरी आईची मालिका ऐन रंगात आली असताना गायब झाली. पडद्यावर नुसती पाटी, हे चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही.

कागदावर नियम झकास होता. जे बघाल त्याचेच पैसे भरा. केबलवाला बारीक टाइपाचा तक्ता देऊन गेला. बाबांची अख्खी नोकरी हिशेबखात्यात गेलेली. ते लाल पेन्सिल घेऊन बसले. आईची मराठी दोन, हिंदी एक, बाबांची क्रिकेटची दोन. प्रत्येकी 19 रुपये. चॅनेल बुकेत, म्हणजे अनेक चॅनेलच्या एकत्र गठ्ठ्यात, घालायचं तर त्याची सुटी किंमत 19च्या वर नको, असा नियम होता. त्यामुळे चालणारी बहुतेक चॅनेल नेमकी 19वर येऊन बसली होती. पाचांचे 95, जीएसटी धरून 112 रुपये 10 पैसे. शिवाय पहिल्या 100 चॅनेलचं नेटवर्कचं भाडं, कमाल 130. हे कमाल आमच्या पावतीवर अर्थातच पुरेपूर उतरलं. करासकट 153 रुपये 40 पैसे. बेरीज 265 रुपये 50 पैसे. आधी अडीचशेत सगळंच दिसायचं.

"मग आपण निवडलं काय?" बाबांनी पेन्सिल खाली ठेवली.

मी पुण्याहून कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठीचं बटण दाबूनही पलीकडून हिंदीच आलं. तक्रार नोंदवली गेली, आणि संध्याकाळपर्यंत तिचं 'समाधानकारक निवारण' झाल्याचा मेसेजही आला. टीव्हीवर पाटी तशीच.

शेवटी केबलवाल्यानेच वाट दाखवली. सुटं काही घेऊ नका, बुके घ्या. एकाच कंपनीची तीन चॅनेल वेगवेगळी घेण्यापेक्षा तिची डझनभर एकत्र स्वस्त पडत होती. बुकेवर किती सूट द्यायची याला धरबंध नव्हता, सुट्या किमती मात्र चढ्या. ज्याला थोडंच बघायचंय त्याने जास्त मोजायचे, अशी ही निवड. केबलवाल्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. शिव्या दारोदार तो खात होता, दर ठरवणारे मुंबई-दिल्लीत.

बुके आला. मालिका आली, क्रिकेट आलं, सोबत कार्टून, इंग्रजी पाककृती आणि चोवीस तास भोजपुरी सिनेमे. घरात लहान मूल नाही, आणि आईला भोजपुरीचं ओ की ठो कळत नाही.

पुढच्या महिन्यात केबलवाला पैसे न्यायला आला तेव्हा मी तिथेच होतो. आईने नोटा मोजून दिल्या आणि विचारलं, "अरे, ते भोजपुरी काढून टाक ना. तेवढेच चार पैसे कमी होतील."

"काकू, काढलं तर वाढतील," तो पावती फाडत म्हणाला.