वर्ग म्हणजे क्लास नव्हे!

मी कॉन्व्हेंटची. मराठी घरात बोलायचो तेवढीच, ती पण मोडकीतोडकी. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागात माझं नाव बघून रूममेट्स हसणार, हे ठरलेलंच. तरी लिहिते, कारण हा किस्साच मराठीचा आहे.

आमच्या मेसच्या काकूंची मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता सगळं इंग्लिश. जुलैत एका संध्याकाळी काकू म्हणाल्या, "अगं, हिला जरा फिजिक्स दाखव ना. सायन्स सोडते म्हणतेय."

धडा कूलोमच्या नियमाचा. बाहेर मुळशीचा पाऊस, त्यात लाइट गेलेली. (आमच्या धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज बनते, आणि आम्ही मेणबत्तीत!) मी ऐटीत कंगवा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेला. कपटे ढिम्म! ती हळूच म्हणाली, "ताई, या हवेत पापड सादळतात, कागद काय उडणार?" खरंच, दमट हवेत कंगव्यावर चार्ज टिकतच नाही.

मग गणित घेतलं. एकेक मायक्रोकूलोमचे दोन चार्ज, अंतर ३० सेंटिमीटर. ९ गुणिले १० चा नववा घात, गुणिले दोन्ही चार्ज, भागिले डिस्टन्सचा स्क्वेअर. उत्तर ०.१ न्यूटन, म्हणजे साधारण १० ग्रॅमचं वजन.

"समजलं?"

तिनं मान हलवली, पण डोळे भरलेले. "ताई, इन्व्हर्सली म्हणजे?"

मला मराठीत सांगताच येईना. व्हायवात फाडफाड बोलणारी मी गप्प! शेवटी विचारलं, "दहावीत न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम होता ना? म्हण बरं."

तिनं घडाघडा म्हटला. बल वस्तुमानांच्या गुणाकाराशी समानुपाती, अंतराच्या वर्गाशी व्यस्तानुपाती.

"वर्ग म्हणजे क्लास?"

"नाही हो ताई, स्क्वेअर!" ती हसली आणि एकदम थांबली. "म्हणजे हा तोच नियम? वस्तुमानाच्या जागी चार्ज?"

"तसाच. फक्त तिथे नेहमी ओढ असते, इथे सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात."

पुढचं गणित तिनंच केलं. अंतर दुप्पट, ६० सेंटिमीटर. बल निम्मं नाही, पाव! ०.०२५ न्यूटन.

कूलोमनं हा नियम १७८५ साली तारेचा पीळ मोजून मांडला. मी तो कितीदा परीक्षेत लिहिलाय. पण त्यातला 'व्यस्त' शब्द मला मेसच्या टेबलावर मिळाला.

सायन्स तिनं सोडलेलं नाही. दर रविवारी आमची शिकवणी असते. फिजिक्स मी शिकवते, मराठी ती.