आंधळगावचा अकरा दिवसांचा मुक्काम

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 भंडाऱ्यावरून जातो. बहुतेक गाड्या वैनगंगेचा पूल ओलांडून पुढे निघून जातात. आमच्या आंधळगावला यायचे तर पुलाच्या अलीकडूनच उत्तरेला, मोहाडीच्या बाजूला वळावे लागते. इथे नाते किंवा काम असल्याशिवाय कोणी वळत नाही. गेल्या नोव्हेंबरात आमचा भाचा वळला. नाते होते म्हणून आला आणि गाडीने दगा दिला म्हणून राहिला.

भाचा सोलापूरचा. आमच्या एकुलत्या एक बहिणीचा मुलगा. बहिणीचे चार वर्षांपूर्वी निधन झाले. त्यानंतर सोलापूरकडून इकडे कोणी आले नव्हते आणि खरे सांगायचे तर आम्हीही फारसे बोलावले नव्हते. नोकरीतून दोन महिन्यांची रजा काढून तो एकटाच मोटारसायकलवर अरुणाचलमधल्या तवांगला निघाला होता. तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत तो आला. आमच्याकडे एक रात्र राहून पहाटे रायपूरकडे निघायचे, असा त्याचा बेत होता.

पण शेवटच्या टप्प्यात चेन घसरू लागली. दुसऱ्या दिवशी तुमसरच्या मिस्त्रीने गाडी पाहिली आणि सांगितले, स्प्रॉकेटचे दात झिजलेत, पूर्ण सेट बदलावा लागेल, तो नागपूरहून मागवावा लागेल. सेट आला तो दुसऱ्याच मॉडेलचा. तो परत गेला. एका रात्रीचा मुक्काम असा लांबत गेला.

आमची अम्मी, म्हणजे त्याची नानी, मात्र खूश होती. धान नुकतेच कापून झाले होते. तिने मागच्या वर्षीचा जपून ठेवलेला चिन्नोर काढला. भंडाऱ्याच्या या सुवासिक तांदळाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण अम्मीला त्याचे काही नाही. तिच्या लेखी तो पाहुण्याचा तांदूळ आहे. त्यासोबत मासळीचा रस्सा. भाचा भाकरीवर वाढलेला, पण पहिल्याच दिवशी त्याने तीनदा भात घेतला.

तो नमाज पढताना आम्ही पाहिले. एकटा असला की जोहर, असर, इशाचे फर्ज दोन रकात पढायचा. आमच्यामागे जमातीत उभा राहिला की पूर्ण चार. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाची नियत असेल तर हनफी मसलकात माणूस मुसाफिरच राहतो. "मामू, मी उद्या निघणारच आहे," हे तो रोज म्हणायचा, त्यामुळे रोज मुसाफिरच राहायचा.

तिसऱ्या दिवशी त्याला गावातल्या एका कोष्ट्याच्या घरी नेले. आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. सोलापूरच्या पोराला माग नवा नाही, पण त्याने पाहिलेले माग यंत्रावर धडधडणारे. इथे विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि हातापायांनी माग चालवतो. कोशाचे किडे घरात नव्हे, जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. ते वाढवण्याचे काम पिढ्यानपिढ्या ढिवर समाज करत आला. कोसे उकळून सूत काढायचे काम बायकांचे. पूर्वी ते मांडीवर वळून काढत.

विणकराने त्याला करवतकाठी दाखवली. अंगाचा धागा वेगळा, दोन्ही काठांचे धागे वेगळे, म्हणून तीन धोटे चालतात. जिथे अंग आणि काठ भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवले जातात आणि करवतीच्या दातांसारखी नक्षी उमटते. भाच्याने काठावर बोट फिरवले आणि म्हणाला, "अम्मीकडे अशी एक साडी होती. ती कधी नेसायची नाही, नुसती उन्हात घालून परत ठेवायची."

ती साडी कुठून आली हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही दोघे भाऊ गप्प राहिलो.

त्या रात्री दस्तरखान उचलल्यावर अम्मी म्हणाली, "तीन दिवस झाले. आपल्या दीनमध्ये पाहुणचाराचा हक्क तीन दिवसांचा. उद्यापासून हा पाहुणा नाही, घरचा." सगळे हसले. मग तिने आमच्याकडे पाहून हळूच जोडले, "आणि घरच्याला वाटा असतो."

आता साडीची गोष्ट सांगायलाच हवी. अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा घर आणि तीन एकर धानाची जमीन मागे होती. आम्ही बहिणीला बोलावले. ती रेल्वेने तुमसर रोड स्टेशनवर उतरली, छोटा मुलगा सोबत होता. दुसऱ्या दिवशी तिने हक्कसोडपत्रावर सही केली. तिने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. जाताना आम्ही तिला एक करवतकाठी साडी दिली आणि स्वतःची समजूत घातली की बहिणीला रिकाम्या हाताने पाठवले नाही.

पाचव्या दिवशी भाच्याला आंबागडला नेले. सातपुड्याच्या टेकड्यांतला हा किल्ला तुमसर तालुक्यात आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्याने नागपूर वसवले, त्याचा सरदार राजा खान पठाण याने तो 1700 च्या सुमारास बांधला. पुढे भोसल्यांच्या काळात तिथे कैदी ठेवत. आज बुरूज उभे आहेत, आत झाडी माजली आहे. बुरुजावर बसून पाणी पिताना भाचा सहज म्हणाला, "मामू, मी लहानपणी इथे आलो होतो ना? अम्मी एका कचेरीत गेली होती आणि मी बाहेर पेरू खात बसलो होतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते, आम्ही काही उत्तर तरी दिले असते.

त्या रात्री आम्ही दोघा भावांनी कागद घेतला. हिशेब अवघड नव्हता, फक्त इतकी वर्षे मांडला नव्हता. मालमत्तेचे 40 भाग धरले तर बेवा म्हणून अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे 5 भाग. उरलेल्या 35 मध्ये मुलाला मुलीच्या दुप्पट. आम्हा दोघांचे 14-14, बहिणीचे 7. एकराचे गुंठेही 40 च. म्हणजे दर एकरी 7 गुंठे तिचे. तीन एकरांत 21 गुंठे. घरातला हिस्सा वेगळा. एवढ्या वर्षांचे धान आम्ही खाल्ले, त्याचा हिशेब तर कागदावर मांडताच आला नाही.

शुक्रवारी तुमसरला जुम्मा पढून आम्ही ओळखीच्या वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, "सही झालेली आहे. कायद्याने तुमच्यावर बंधन नाही." आम्ही म्हणालो, ते माहीत आहे. जमीन द्यायची तर कोणता कागद करावा लागेल, किंमत द्यायची तर कशी, तेवढे सांगा.

घरी येऊन भाच्याला समोर बसवले आणि सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. "मामू, मी हिशेब मागायला आलो नव्हतो." आम्ही म्हणालो, "म्हणूनच सांगायला तोंड झालं." तो म्हणाला, "अम्मीच्या वाट्यावर माझा एकट्याचा हक्क नाही. अब्बा आहेत, बहीण आहे. बहिणीला न विचारता मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

अम्मी एवढेच म्हणाली, "याला तरी बहिणीला विचारायचं सुचलं."

वाचकहो, नमाज-रोज्याचे बारीकसारीक मसले आपण आलिमांना विचारतो. भाच्याने दोन पढायच्या की चार, यावर आमच्या घरात अर्धा तास चर्चा झाली. पण विरासतीचा हुकूम, ज्याचे हिस्से कुरआनात मोजून दिले आहेत, त्याच्यासमोर आपण साडी ठेवतो, भाचीच्या लग्नातली मदत ठेवतो, "तिनेच नको म्हटलं" हे वाक्य ठेवतो. तिने नको म्हटले, कारण हिस्सा मागितला तर माहेर तुटेल ही तिला भीती होती. आमच्या बहिणीने हिस्सा सोडला आणि आम्ही तिला विसरलो, म्हणजे माहेरही गेले.

गाडी नवव्या दिवशी तयार झाली. तरी तो दोन दिवस राहिला. अकराव्या दिवशी फजरनंतर अम्मीने प्रवासाची दुआ पढून त्याच्यावर फुंकर घातली आणि दोन किलो चिन्नोर त्याच्या पिशवीत कोंबला. तवांगला तांदूळ कशाला, असे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

तो पोहोचला, अल्हम्दुलिल्लाह. बर्फातला फोटो आला. परतीची वाट त्याने आंधळगाववरूनच ठरवली आहे आणि सोलापूरहून त्याची बहीण रेल्वेने येणार आहे. या वेळी तिला घ्यायला तुमसर रोडला आम्ही दोघेही जाणार आहोत.