ढाळ

आमच्या घरी एअरकंडिशनर आला तो मे महिन्यात; शेजाऱ्यांशी बिनसले ते मृगानंतर.

अमरावतीचा उन्हाळा आम्ही जन्मभर आधी वाळ्याच्या ताट्यांवर आणि पुढे कूलरवर काढला. पण हिचा दम वाढला, आणि 2024 च्या मे महिन्यात तिकडे अकोल्यात पारा 45 च्या वर जाऊन जमावबंदीचे कलम लागले, तेव्हा लेकीने इंग्लंडातून हुकूम सोडला, "बाबा, काटकसर पुरे!" यंत्र आले. बसवणाऱ्याने पाण्याची नळी खिडकीतून बाहेर लोंबकळत सोडली आणि तो पुढच्या घरी पळाला. मे महिन्यात तिच्यातून थेंब पडेना. आमच्याकडची तेव्हाची हवा म्हणजे भाजलेला पापड. तिच्यातून पाणी निघणार कुठून? पाऊस लागला, हवा ओलावली, आणि रात्रभर टपटप सुरू झाली. खाली बादली नव्हती. शेजारच्या नानांची भिंत होती.

भिंतीला पोपडे आले. नाना एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त तीस वर्षे चालत आलेला सकाळचा चहा बंद झाला. ते मौन मला त्या टपटपीपेक्षा जड गेले.

शेवटी एका प्लंबरला बोलावले. पोरसवदाच होता. नळीकडे पाहून हसला. "सर, नळीले ढाळच नाही. मधात पाणी साचते, मंग वाट भेटन तिकडं जाते." त्याने ताठ पाईप घातला, त्याला सरळ उतार दिला आणि विचारले, "शेवट कुठं सोडू?" मी काही बोलायच्या आत पलीकडून नाना बादली घेऊन आले. नाना दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही अशा गावात बाळपण गेलेले. भिंतीचा राग होताच. पण गोडे पाणी मातीत जाते याचा राग त्याहून मोठा होता! हे पाणी पिऊ नका, एवढे मी बजावले. मोगऱ्याची सोय झाली, आणि चहाही सुरू झाला.

गेल्या जानेवारीत पहाटेच लेकीचा फोन. लीड्सला बर्फ पडलेला, जावई परगावी, सात महिन्यांची नात कुशीत आणि घर गरम ठेवणारा बॉयलर बंद. "आतून गुडगुड आवाज येतोय, बाबा." कारागीर दुपारशिवाय येणार नव्हता.

आमच्या लहानपणी बंब पेटवला की सुरुवातीला राखेत थेंब पडत आणि आई म्हणे, "गळतो की काय मेला!" तो गळत नसे. जळणातून निघालेली वाफ थंड तांब्यावर बसून तिचे पाणी होई. तिकडचे नवे बॉयलर हेच मुद्दाम करतात. धूर साधारण 55 अंशांच्या खाली निववतात आणि वाफेतली उष्णताही वसूल करतात. एक घनमीटर गॅस जळाला की दीड लिटरच्या आसपास पाणी तयार होते. त्यातले जे निवते, ते बाहेर जायला नळी लागतेच. लेकीच्या घरची नळी बारीक, लांब आणि जवळजवळ आडवी, बाहेरच्या भिंतीवरून गेलेली. पाणी रेंगाळले, गोठले, मागे फिरले, आणि यंत्राने आपण होऊन हात वर केले.

मी प्लंबरचेच शब्द सांगितले, "ढाळ नाही गं तिला!" बाळाला गुंडाळून ती बाहेर गेली. नळीवर कोमट पाणी ओतायचे, उकळते नाही. नाहीतर नळी तडकते. तिसऱ्या तांब्याला गळ्ळकन आवाज झाला. इकडे आम्ही दोघे फोनला कान लावून. बॉयलर सुरू झाला तेव्हा हिने देवापुढे साखर ठेवली. पुढे कारागिराने रुंद नळी घातली, तिला लोकरीसारखे वेष्टण दिले आणि मीटरला साडेचार सेंटिमीटर उतार दिला.

चहाच्या वेळी नानांना सारे सांगितले. त्यांचे लक्ष भलतीकडेच.

"मग ते पाणी झाडाले घालत असतील?"

"छे, आंबट असते. गटारात सोडतात."

नानांचा पेला हातातच राहिला. जरा वेळाने म्हणाले, "मास्तर, पोरीले म्हणा, चुनखडीतून गाळून पाहा."

मी हसलो. रात्री लेकीला गंमत म्हणून सांगितले, तर ती म्हणाली, "बाबा, मोठ्या बॉयलरचे पाणी इथे खरेच संगमरवराच्या खड्यांतून सोडतात."

नानांना अजून हे सांगितलेले नाही.