बिननावाचा टाक

नाणेघाटातल्या लेण्यात मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. सिमुक, सातकर्णी, त्याची राणी नागनिका, राजकुमार. दोनेक हजार वर्षांनी आता नुसते पाय उरलेत, तेही जेमतेम. वर कोरलेली नावं मात्र अजून वाचता येतात.

नाव टिकावं ही ओढ सगळीकडचीच. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ १६३२ मध्ये ल्युट्झेनच्या लढाईत पडला, तेव्हा सेबास्टियन डाडलर या कारागिराने त्याच्या मृत्यूचं पदक घडवलं. त्या काळच्या युरोपातल्या अशा पदकांवर कवटी असायची, वाळूचं घड्याळ असायचं. सगळं नाशवंत आहे, असं सांगणारी चिन्हं. आणि कडेने नाव, पदव्या, साल. मरण कबूल, पण विसरलं जाणं नाही.

आमच्याकडे मेलेल्या माणसांचा टाक करतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेलं जोडपं, खंडोबा-भवानीच्या शेजारी देवघरात. त्यावर नाव नाही, साल नाही. रोजच्या आंघोळीने आणि हळदीच्या बोटांनी नाकडोळेही झिजून जातात.

डिंभे धरणाच्या पाण्यात आमचं आंबेगावचं घर गेलं, तेव्हा आजीने देव पितळी डब्यात घालून जुन्नरला आणले. गेल्या वर्षी ती गेली. वर्षश्राद्धाआधी काका म्हणाले, जुना टाक झिजलाय, मोडून आजी-आजोबांचा नवा करू. मला ते जड गेलं. ज्यावर तिची बोटं चाळीस वर्षं फिरली, तोच मोडायचा?

“मग निदान मागे तिचं नाव तरी कोरा,” मी म्हणाले.

“अगं, टाकावर नाव घालतं का कुणी? ती आता पितरांत गेली.”

सोनाराने जुना टाक मुशीत टाकला, वर थोडी नवी चांदी घातली. तासाभराने पाहिलं, तर पत्र्यावर उठलेली बाई आजीसारखी मुळीच दिसत नव्हती. तिच्या कपाळावरचा व्रण नाही, पोक नाही. ठसा एकच, सगळ्या घरांतल्या आज्यांसाठी.

पण चांदी तीच होती. जिला तिने रोज आंघोळ घातली, तिच्यातच ती आता होती. तिचं नाव मला पाठ आहे. माझ्या नातवंडांना नसेल. त्यांची बोटं तेवढी तिच्यावरून फिरतील.