लेकीची फळी

मागच्या वर्षी वार्षिक परीक्षा संपली आणि धाकटीने स्केटबोर्ड मागितला. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आमच्या घरात पुस्तक मागितलं की लगेच मिळतं, बाकी सगळ्याला 'बघू' हे उत्तर. मास्तराचं घर, दुसरं काय. आठ दिवस 'बघू' म्हणून झाल्यावर मी एका खेळण्यांच्या दुकानातून नऊशे रुपयांचा बोर्ड आणला. गुलाबी प्लॅस्टिकचा, वर परीचं चित्र, आणि माझ्या वितीत मावेल इतका अरुंद.

लिहायला शरम वाटते, पण स्वस्तातला बोर्ड मी पैसे वाचवायला आणला नव्हता. महिनाभरात ती कंटाळेल असा माझा हिशेब होता. आमच्या मोहल्ल्यात मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की तिचं गल्लीतलं खेळणं हळूहळू आटत जातं. बंदी कोणी घालत नाही. एखादी खाला जाता जाता 'आता मोठी झालीस गं' म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी खिडकीतून मॅच बघताना दिसते. वीस वर्षं मी वर्गात मुलींना शिकवतोय, हे मला चांगलं ठाऊक आहे. मला 'नाही' म्हणायचं नव्हतं. माझ्या वतीने ते त्या फळीने म्हणावं, अशी तजवीज मी केली होती.

फळीने ते केलंही. तिची चाकं कडक प्लॅस्टिकची. एक बारीक खडा आडवा आला, चाक जागच्या जागी थांबलं आणि पोरगी पुढे फेकली गेली. मनगटाला बारीक तडा, तीन आठवडे प्लास्टर. अम्मीने तिथल्या तिथे निकाल दिला, "अगे, हड्डी टूटी ना? अब बस." मी मान डोलावली.

प्लास्टर असतानाच एका संध्याकाळी ती वही घेऊन आली. डाव्या हाताने तिने पावलाची बाह्यरेषा काढली होती आणि शेजारी त्या बोर्डाची रुंदी मांडली होती. पाऊल दोन्ही बाजूंनी बाहेर आलं होतं. "अब्बू, माझा पाय मोठा आहे की फळी लहान आहे?"

त्या रात्री मी वाचायला बसलो. काबूलमध्ये 2007 पासून मुलामुलींना स्केटबोर्ड शिकवण्याचं काम सुरू झालं होतं. तिथे मुलींनी सायकल चालवलेली लोकांना खटकायची. पण हा खेळ इतका नवा होता की मुलींनी तो खेळू नये असं ठरवायला कोणाला सवडच मिळाली नव्हती. तिथल्या मुलींवरच्या माहितीपटाला 2020 मध्ये ऑस्कर मिळालं. पुढच्याच वर्षी काबूलमध्ये काय झालं ते सर्वांना माहीत आहे. आणि 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत याच खेळाचं सुवर्णपदक पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने मिळवलं. हे अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "उसके बाप ने अच्छा तख्ता दिया होंगा." एवढं बोलून ती गप्प झाली, कारण आमच्याकडे 'तख्ता' म्हटलं की मय्यतीला गुस्ल देतात तो आठवतो. तेव्हापासून घरात सगळे 'फळी'च म्हणतात.

प्लास्टर निघालं आणि आम्ही खऱ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने तीन फळ्या काढल्या: सव्वासात, पावणेआठ आणि सव्वाआठ इंच रुंदीच्या. मेपलच्या लाकडाचे सात पातळ थर, काहींचे तंतू उभे, काहींचे आडवे, गोंद लावून दाबलेले. म्हणून फळी लवते, पण सहजासहजी मोडत नाही. दोन्ही कडा किंचित वर उचललेल्या, म्हणजे खाली न बघता पायाला कळतं की कड आली.

मी सव्वाआठच्या फळीला हात घातला. गणवेश दोन इंच मोठा, बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबायचा. आपल्याकडे मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं. मुलगा हसला. "सर, फळी वाढत्या अंगाची घेत नाहीत. ती झिजतेच. पाय वाढला की नवी फळी घ्या, ट्रक आणि चाकं तीच लावता येतील. फक्त ट्रकची रुंदी फळीच्या फार खाली-वर नको." रुंद फळी स्थिर असते, पण जडही असते. वळताना भार पंजावर आणि टाचेवर घ्यावा लागतो, आणि लहान पावलाला दोन्ही कडा सापडत नाहीत.

मग तिला मोजे घालून गालिच्यावर उभं केलं. तिथे चाकं पळत नाहीत. सव्वासातवर पंजा बाहेर डोकावत होता. पावणेआठवर पंजा आणि टाच बरोबर कडांवर आली. तिने गुडघे वाकवले, डोलून बघितलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ही." ती उजवा पाय पुढे ठेवते हे मला तेव्हा समजलं. त्यासाठी वेगळी फळी लागत नाही म्हणे. चाकं मऊ आणि जरा मोठी घेतली, आपले रस्ते बघून. हेल्मेट स्कार्फ बांधूनच घालून बघितलं. घरी येऊन ते बसत नसेल तर काय उपयोग! चित्रावरून वाद होईल असं वाटलं होतं, कारण खाली कवटी होती. "ते घासूनच जातं, अब्बू." तरी मी साधी फळी मागितली. तेवढं माझं चाललं.

मनगटाच्या पट्ट्यांसकट साडेपाच हजार गेले.

आता रविवारी फज्रनंतर, गाड्या निघायच्या आधी, सोसायटीच्या मागच्या सिमेंटच्या वाटेवर ती फेऱ्या मारते. अम्मी तस्बीह घेऊन खुर्चीवर बसते. लेक वळणावर आली की मण्यांवरचं तिचं बोट थांबतं. पडली तर ओरडते, पण घरात चल म्हणत नाही. खाला येतात-जातात. एकीने विचारलं, तेव्हा अम्मीनेच उत्तर दिलं, "उसका नापका है."

परवा धाकटीने फळीचं मागचं टोक दाखवलं. रस्त्यावर घासून एक थर सुटत आला आहे. बूट आता सदतीस नंबरचा लागतो. मी तिच्याकडे वही मागितली आणि पाऊल ठेवायला सांगितलं.